आधीचा रंग

"बाटली हलवली की आतून टकटक आवाज यायला हवा." धाकटीने बाटली समोरच्या बाईंच्या कानाशी नेऊन हलवली. "आला ऐकू? आत पोलादाच्या दोन बारीक गोळ्या असतात. त्या रंग ढवळतात. आवाजच आला नाही, तर समजायचं की खाली गाळ बसून त्याचा दगड झालाय."

"आला हो आवाज. द्या आता. लग्नाला निघालेय मी, उशीर होतोय."

"कोणाचं लग्न?"

"नवऱ्याच्या मामेभावाच्या मुलाचं."

"मग होऊ दे की थोडा उशीर."

पलीकडे अत्तरांच्या काउंटरमागे बसणाऱ्या बाई फिसकन हसल्या. गेली वीस वर्षं त्या धाकटीच्या शेजारी बसत होत्या आणि हा सगळा पाठ त्यांना तोंडपाठ झाला होता. धाकटीने झाकण फिरवून ब्रश वर उचलला आणि ती थांबली. टोकाशी एक थेंब जमला, जरा रेंगाळला आणि सावकाश बाटलीत उतरला.

"हे बघा. पाकासारखी तार धरली, तर माल जुना. पाण्यासारखं टपटप गळलं, तर त्यात काही दम नाही. थेंब असा यायला हवा, पाहुण्यासारखा. थोडं थांबून, मग आत." तिने ब्रश स्वतःच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवला. केस पंख्यासारखे पसरले. "एकही केस बाहेर नको. आणि एकदम जाड थापायचं नाही. दोन पातळ हात, मध्ये पाच मिनिटं. पण खरी परीक्षा पुढेच आहे."

"अजून आहे?"

"चांगलं नेलपॉलिश लावताना नाही कळत, काढताना कळतं. पुसलं की नख जसं होतं तसं परत मिळायला हवं. डाग राहता कामा नये. हे मी आठवडाभर लावून बघितलंय. हे डाग सोडत नाही."

बाईंनी बाटली घेतली आणि लग्न गाठायला पळाल्या.

धाकटी छप्पन्न वर्षांची होती. अठरा वर्षांची असताना ती या दुकानात लागली तेव्हा तिची ताई तिला सोडायला आली होती आणि त्या वेळच्या मालकांना म्हणाली होती, "आमच्या धाकटीला जरा सांभाळून घ्या." ते मालक गेले, त्यांचा मुलगा आता आजोबा झाला, पण धाकटी हे नाव काही गेलं नाही. विशीतल्या पोरी येऊन विचारत, "धाकटी आहे का?" आणि पांढऱ्या केसांची, चष्मा लावलेली बाई काउंटरमागून मान वर करी.

तिच्या डाव्या अंगठ्याचं नख नेहमी रंगवलेलं असे. बाकीची नऊ साधी, आखूड कापलेली. नवा माल आला की त्यातली एक बाटली ती फोडायची, अंगठ्याला लावायची आणि आठवडाभर तशीच वागायची. भांडी घासायची, कपडे धुवायची, लसूण सोलायची. आठव्या दिवशी पुसून बघायची. डाग राहिला, तर ती पेटी कपाटाच्या तळाशी जायची आणि मालकांनी कितीही डोळे वटारले तरी वर यायची नाही. सुरुवातीच्या वर्षांत तिला हे शहाणपण नव्हतं. तेव्हाच्या भिकार मालाने त्या नखावर जो पिवळेपणा आणला, तो कायमचाच.

आणि तिचा एक नियम होता. जुन्या रंगावर नवा रंग लावायचा नाही. आधी कापसाने सगळं पुसायचं, मग गिऱ्हाइकाला दाराशी न्यायचं, कारण दुकानातल्या दिव्याखाली सगळेच रंग खोटं बोलतात. तिथे उजेडात नख नीट बघायचं आणि मगच बाटली उघडायची. कोणी कुरकुर केली, तर म्हणायची, "भिंतीचे पोपडे न खरवडता रंग देता का तुम्ही? मग नखानेच काय पाप केलंय?"

अडतीस वर्षांत हा नियम तिने एकाच माणसासाठी मोडला.

आई गेली तेव्हा धाकटी नऊ वर्षांची होती आणि ताई सतराची. वडील आधीच नव्हते. ताई एका मोठ्या धुलाई कारखान्यात लागली. हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल. दिवसभर वाफ, सोडा, ब्लीच, नीळ. संध्याकाळी ती घरी आली की तिच्याआधी तिचा वास आत यायचा. तिची बोटं सुरकुतलेली असत आणि नखं वापरून झिजलेल्या साबणाच्या तुकड्यासारखी, पातळ, कडेला तुटलेली. त्या हातांनी तिने धाकटीच्या वेण्या घातल्या, दप्तर शिवलं, एकदा खोटं बोलली म्हणून सणसणीत थोबाडीतही दिली. स्वतः लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणे, "हिचं मार्गी लागू दे, मग बघू." धाकटीचंही काही लागलं नाही. तो विषय मग दोघींनीही सोडून दिला.

पहिल्या पगारात धाकटीने ताईसाठी एक बाटली आणली. फिका गुलाबी रंग, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा.

"मला?" ताई म्हणाली. "अगं, हे हात चादरी पिळायचे. यांना कसला आलाय नट्टापट्टा?"

"बस गप्प. हात दे."

ताई गप्प बसली. पुसून, कापून, घासून दोन पातळ हात होईपर्यंत अर्धा तास गेला. तेवढा वेळ ताई आपल्याच हाताकडे असं बघत होती, जणू तो कोणा पाहुण्याचा असावा. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी चार वाजता ती दुकानात यायची आणि काउंटरसमोरच्या स्टुलावर बसायची. पुढे धाकटीने दुकानाजवळच खोली घेतली, दोघींची घरं वेगळी झाली, ताईचं काम सुटलं, पण शनिवार सुटला नाही. रंग मात्र एकच, शिंपल्याचा. कंपन्या बदलल्या, बाटल्यांचे आकार बदलले, धाकटी कुठून ना कुठून तो रंग शोधून काढायची.

म्हणून दोन महिन्यांपूर्वी ताई म्हणाली, "या वेळी जरा गडद दे," तेव्हा धाकटी चाटच पडली होती.

"तुला? गडद?"

"का? म्हातारीला हौस असू नये?"

तपकिरी लावला. पुढच्या महिन्यात ताईला मरून हवा होता. आणि तेव्हा प्रथम ती म्हणाली, "पुसत नको बसू. वरूनच लाव. बस चुकेल माझी."

त्या दिवशी खरंच गर्दी होती. धाकटीने वरूनच लावलं. हातून नियम मोडला याची चुटपुट तिला संध्याकाळपर्यंत लागली, मग विसरली.

आणि आज पुन्हा पहिला शनिवार. लग्नाच्या बाई गेल्या आणि पाच मिनिटांत ताई आली. दारातच उभी राहून तिने चौकट धरली. मग हळूहळू येऊन स्टुलावर टेकली. बोलायला थोडा वेळ लागला.

"जिना... चढून आले."

"तीन पायऱ्या आहेत, ताई."

"तुझ्या वयाला तीन. माझ्या वयाला तेरा."

"आठ वर्षांनी तर मोठी आहेस."

"ती आठ वर्षं मी चादरी पिळत होते. दुप्पट धर."

अत्तरवाल्या बाई हसल्या. धाकटीने कापूस काढला, तसा ताईने हात आवरून घेतला. "राहू दे गं. वरूनच लाव. तो जांभळा दे, वांग्यासारखा."

"ताई, या वयात इतका गडद?" अत्तरवाल्या बाई म्हणाल्या. "कोणाला गटवायचा विचार आहे?"

"तुमच्या मालकांना. सांगू नका हं, लाजतील."

मालक आतल्या बाजूला पेट्या मोजत होते. त्यांनी ऐकलं, खोकल्यासारखं केलं आणि पुन्हा एकपासून मोजायला लागले. सगळ्याच हसल्या. त्या हसण्यात धाकटीच्या हातातला कापूस परत खोक्यात गेला. मागे तीन पोरी उभ्या होत्या. मरून रंगाखाली नवं नख वाढून फट पडली असायला हवी होती, पण ताईने घरीच तिथे रंग भरला होता. वेडावाकडा, कातडीला लागलेला.

"हे कसलं पोळ्याच्या बैलासारखं रंगवलंयस!"

"तुझी मेहनत वाचवली."

"हात किती गार पडलेत!"

"बाहेर वारा आहे."

धाकटीने बाहेर बघितलं नाही. बघितलं असतं तर समोरच्या फळवाल्याच्या छत्रीची झालर हलतसुद्धा नव्हती. तिने जांभळ्या रंगाचे दोन पातळ हात दिले. मध्ये पाच मिनिटं ताईची बोटं हातात धरून ती मागच्या पोरींना थेंब कसा उतरायला हवा ते सांगत राहिली.

बाराव्या दिवशी दुपारी दुकानातला फोन वाजला. ताईच्या शेजारीणबाई होत्या. ताई दारात पडली होती आणि त्यांनी तिला दवाखान्यात नेलं होतं.

धाकटी पोहोचली तेव्हा ताई खिडकीजवळच्या खाटेवर होती. नाकातोंडावर मास्क. डोळे मिटलेले. नर्स तिच्या बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावत होती, काढत होती, दुसऱ्या बोटाला लावत होती. यंत्रावर आकडा उमटे आणि लगेच पुसला जाई.

"या रंगातून काही दिसतच नाहीये त्याला," नर्स म्हणाली. "केवढे थर दिलेत! तुम्ही कोण यांच्या?"

"धाकटी. म्हणजे बहीण."

"हे काढायला हवं. डॉक्टरांनाही नखं बघायचीत. थांबा, मी स्पिरिट आणते."

"स्पिरिटने नाही निघायचं." धाकटीने पिशवी उघडली. रिमूव्हरची बाटली आणि कापूस तिच्या पिशवीत कायम असे, जसा दुसऱ्या बायकांच्या पिशवीत रुमाल असतो. "द्या, मी काढते. माझंच काम आहे."

हात सराईत होता. ओला कापूस नखावर टेकवायचा, मनात दहापर्यंत मोजायचं, मग एकाच दिशेने ओढायचा. पहिल्यांदा जांभळा उतरला. दुसऱ्या बोळ्यावर मरून. तिसऱ्यावर, नखाच्या टोकाशी, थोडासा तपकिरी. तीन शनिवार एकामागून एक कापसावर आले.

आणि खाली नख निळसर होतं.

डाग! धाकटीच्या मनात पहिलं आलं ते हेच. जांभळ्याने डाग सोडला. तिचा चेहरा कानापर्यंत तापला. तिने नवा बोळा घेतला आणि पुन्हा पुसलं. दुसरं बोट पुसलं. तेही तसंच. तिसरं, चौथं. दुसऱ्या हाताची पाचही. ती दाबून दाबून पुसत राहिली.

"असं होत नाही हो," ती नर्सला सांगू लागली. "हा माल चांगला आहे. मी स्वतः आठवडाभर लावून बघितलाय. डाग सोडणारा माल मी ठेवतच नाही दुकानात. हे बघा, माझ्या अंगठ्याला तोच आहे, हाच जांभळा..."

तिने स्वतःचा डावा अंगठा पुसला. जांभळा रंग सगळा कापसावर आला. खाली नेहमीचं पिवळट नख. जसं होतं तसं. रंगाचा कणसुद्धा मागे राहिला नव्हता.

तिने आपला अंगठा ताईच्या बोटांशेजारी धरला. बघितलं. आणि पुन्हा कापूस ओला केला.

नर्सने तिच्या मनगटावर हात ठेवला. "बाई, पुसायचं थांबवा. तो डाग नाहीये."

मग नर्सने ताईच्या एका नखाला वरून दाब दिला आणि सोडला. "चांगलं नख असं दाबलं की पांढरं पडतं आणि सोडल्याबरोबर गुलाबी होतं." दोघी बघत राहिल्या. ताईच्या नखावर रंग परतला तो फार सावकाश, आणि तो गुलाबी नव्हता. धाकटी खिडकीपाशीच उभी होती. उजेड भरपूर होता. इथे काहीही खोटं दिसण्याची सोय नव्हती.

डॉक्टर आले. त्यांनी नखं बघितली, बोटांची टोकं चाचपली. "फुगलीत टोकं. फुप्फुसांचं जुनं दुखणं दिसतंय. काय काम करायच्या या?"

"धुलाईत होती. त्रेचाळीस वर्षं."

"हं. आणि नखं अशी कधीपासून आहेत?"

धाकटीने तोंड उघडलं.

"हे आठ-पंधरा दिवसांचं नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज मऊच होता. "घरात कोणाच्या तरी नजरेला पडलं असेल ना? आठवून सांगा. कळलं तर बरं पडेल."

अडतीस वर्षं. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक महिन्याच्या पहिल्या शनिवारी चार वाजता ही दहा नखं तिच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होती.

"नाही सांगता येणार," ती म्हणाली.

डॉक्टरांनी कागदावर तसं लिहिलं आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला जरा हुशारी आली. मास्क थोडा बाजूला करून तिने आपले हात बघितले, मग धाकटीकडे.

"पकडलंस ना शेवटी."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्यांदा वाटलं, चादरींची नीळ लागलीय." ताई हसली आणि तिला खोकला आला. तो थांबेपर्यंत धाकटीने तिची पाठ धरून ठेवली. "मग आठवलं, काम सोडून चार वर्षं झाली."

"मला का नाही दाखवलंस? ताई, मी समोर बसलेली असायचे. तुझा हात माझ्या हातात असायचा!"

"म्हणून तर. तू बघितलं असतंस की उचलून इथे आणलं असतंस. तपासण्या, सुया, हे थोबाडावरचं मुसकं. आणि माझा शनिवार बुडाला असता."

"शनिवार! शनिवारचं काय एवढं?"

ताईने चादरीची कड चिमटीत धरून चाचपली. सवयच ती, कोणतीही चादर दिसली की तिचा पोत बघायची. "नीट धूत नाहीत इथे," ती म्हणाली. मग म्हणाली, "महिन्यातून अर्धा तास तू माझा हात धरून बसायचीस. एरवी कोण धरतंय?"

"मी कधीही धरला असता, ताई."

"तुला कुठे वेळ असायचा, बाळा." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. ताईला टोमणा मारता येत नसे असं नव्हे, चांगला मारता येई.

थोड्या वेळाने ताईने हात पुढे केला. "उघडी नखं भुंडी दिसतात. लाव ना काहीतरी. तो आपला शिंपल्याचा."

"इथे चालत नाही गं. त्या यंत्राला दिसत नाही."

"मग नुसताच धर."

धाकटीने स्टूल ओढून घेतलं आणि हात धरला. आज मागे रांग नव्हती, गिऱ्हाईक नव्हतं, पाच मिनिटं थांबून दुसरा हात द्यायचा नव्हता. जेवणाचे डबे आले आणि गेले, वॉर्ड झाडून झाला, नर्स बदलली. तिने हात सोडला नाही.

ताई त्यानंतर आठ दिवस होती. शेवटच्या सकाळी नर्सने यंत्राचा चिमटा काढला आणि विचारलं, "काही लावायचं असेल हातांना, तर लावा आता." शिंपल्याची बाटली धाकटीच्या पिशवीत होतीच. तिने ती हलवलीसुद्धा, आतल्या गोळ्या टकटकल्या. मग तिने बाटली परत पिशवीत ठेवली. नखं होती तशी राहू दिली. ताईचे दोन्ही हात तिने चादरीवर आणून ठेवले, नखं वर येतील असे.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी धाकटी काउंटरवर होती. चार वाजायला आले तसं अत्तरवाल्या बाईंनी उगीचच बाटल्या पुसायला काढल्या. मालक आज पेट्या मोजत नव्हते. काउंटरसमोरचं स्टूल रिकामं होतं.

एक मुलगी धापा टाकत आत आली आणि थेट त्या स्टुलावर बसली. नखांवर लाल रंग, अर्धा खरवडलेला.

"पटकन काहीतरी साधं लावून द्या ना. नोकरीच्या मुलाखतीला जायचंय, अर्ध्या तासात. हे बघा काय अवतार झालाय!"

"बसा. हे आधी पुसते."

"नको नको, वेळ नाहीये. वरूनच लावा ना. कोण बघतंय खालचं?"

अत्तरवाल्या बाईंचा हात थांबला. धाकटीने चष्मा सारखा केला. तिच्या डाव्या अंगठ्याला दवाखान्यातल्या त्या दिवसापासून रंग नव्हता. नव्या मालाची पेटी खाली तशीच बंद पडून होती.

"मुलाखतीला पोहोचाल तुम्ही," ती म्हणाली. "हात द्या."

तिने दहाही नखं पुसली. मग मुलीला उठवून दाराशी, उजेडात नेलं. एकेक बोट धरून नख वरून दाबलं आणि सोडलं. पांढरं झालं आणि गुलाबी धावत परत आलं. दुसरं. तिसरं. एकही नख तिने गाळलं नाही. समोर फळवाल्याच्या छत्रीची झालर वाऱ्याने फडफडत होती.

"काय बघताय एवढं?" मुलगी घाबरून म्हणाली. "खराब झालीत का?"

"नाही. छान आहेत."

"अहो, छान काय? अजून तर काही लावलंच नाही तुम्ही."

शेवटची करंगळी तपासून झाली होती, तरी धाकटीने मुलीचा हात आणखी थोडा वेळ तसाच धरून ठेवला.